गोल फळा आणि आक्काचे बूट

मित्रांनो, मला फिरवण्याआधी शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय का ते बघून घ्या. मी फिरलो की असा करकरतो की झोपलेला माणूस उठून आधी दाराची कडी बघतो. दोष माझा नाही. माझा आवाज ऐकला की लोकांना तेलाची आठवण होते, आवाज थांबला की तेलही विसरतात.

मी एक जुना गोल फळा आहे. खरं तर दोन फळे. पुढचा मी एकेकाळी एका डुगडुगत्या स्टुलाची बैठक होतो. तेव्हा लोक माझ्यावर बसायचे, आता माझ्यासमोर बसतात. याला बढती म्हणतात. मागचा मी त्याहून मोठा, इस्पितळाच्या जेवणघरातल्या मोडक्या टेबलातून गोल कापलेला. इस्पितळाच्या सुतारकाकांनी दोघांना मधोमध एका जाड खिळ्यात ओवलं. पुढचा फळा जागच्या जागी, मागचा गरगर फिरणारा, आणि त्याच्या कडेला धरायला एक लाकडी मूठ. पुढच्या फळ्यावर पांढऱ्या रंगात एकच इंग्रजी शब्द रंगवला: गेट. फाटकाचं गेट नव्हे हो, क्रियापदाचं. त्याच्या शेजारी एक चौकोनी खिडकी कापली. मूठ धरून फिरवलं की त्या खिडकीत एकेक शब्द येऊन उभा राहतो. अप आला तर उठा. डाउन आला तर उतरा. रेडी आला तर तयार व्हा. वेट आला तर भिजलात. लॉस्ट आला तर हरवलात, बसा आता रस्ता विचारत.

मला घडवून घेतलं ते सुतारकाकांच्या वहिनींनी. त्यांचा सगळा जन्म टेलिफोन एक्स्चेंजात लोकांचे फोन जोडून देण्यात गेलेला, म्हणून त्यांना सगळे फोनबाई म्हणायचे. निवृत्त झाल्यावर त्या दुपारच्या सुट्टीत इस्पितळाच्या धुलाईखान्यात यायच्या आणि तिथल्या माणसांना इंग्रजी शिकवायच्या. फुकट. "घरी बसून काय भिंतींना फोन लावू?" असं म्हणायच्या.

माझ्यावर रंग चढत होता त्या दिवशी सुतारकाका कुरकुरले होते. "वहिनी, एवढी मोठी भाषा आणि तुम्ही रंगवून घेताय एकच शब्द. बाकीच्या शब्दांसाठी किती स्टुलं मोडू मी?"

"भाऊजी, हा शब्द म्हणजे घरातली थोरली सून आहे," फोनबाई म्हणाल्या. "पाणी भरायला हाक मारा, हजर. पाहुणे आले, हजर. कुणी आजारी पडलं, हजर. तिला एकटीला विचारलं, बाई तू नक्की काय करतेस, तर तिला सांगता येणार नाही. कुणाबरोबर उभी आहे त्यावर तिचं काम ठरतं. कधी मिळणं, कधी होणं, कधी पोचणं, कधी नुसतं कळणं. हिची ओळख झाली की अर्धं घर ओळखीचं झालं समजा."

"आणि उरलेलं अर्धं?"

"ती सासू. तिच्या वाटेला आपण जायचंच नाही."

असा मी इस्त्रीच्या खोलीत भिंतीवर चढलो. खोली कायम गरम, खिडक्यांच्या काचा वाफेनं आंधळ्या, आणि सगळीकडे पांढऱ्या चादरींचे ढीग. फोनबाईंची शिकवायची रीत अशी, की शब्द नुसता म्हणायचा नाही, करून दाखवायचा. मूठ फिरवायची, खिडकीत आलेलं मोठ्यानं वाचायचं आणि तसं वागायचं. गेट अप म्हटलं की बाकावरून बूड उचलायचं. गेट ऑन म्हटलं की चादरींच्या ढकलगाडीवर चढायचं, गेट ऑफ म्हटलं की उतरायचं. गेट आउट म्हटलं की सगळे खिदळत दाराबाहेर पळायचे, आणि बाहेरून कुणीतरी गेट बॅक ओरडलं की एकमेकांना ढकलत परत आत. मोठी मोठी माणसं, पण पोरांपेक्षा वाईट.

माझ्यावर एक घर मात्र कोरं होतं. सुतारकाकांनी आखताना एक घर जास्त आखलं आणि त्यात घालायला शब्द उरला नाही. ते रंगानं बुजवायला निघाले तर फोनबाईंनी हात धरला. "राहू द्या. ते यांचं." तेव्हापासून चालच पडली. ज्यानं बाहेर कुठे, वॉर्डात, बसमध्ये, दुकानात, या गेटचा नवा उपयोग स्वतःच्या कानानं ऐकला, त्यानं तो खडूनं त्या कोऱ्या घरात लिहायचा. दुसरा कुणी नवा आणेपर्यंत राज्य त्याचं. पुस्तकातून उचललेला चालायचा नाही. फोनबाईंना तो वासावरून कळायचा.

त्या घरात सगळ्यांनी लिहून झालं होतं. फक्त आक्कानं कधी लिहिलं नाही.

आक्का म्हणजे इस्त्री करणारी. वयानं सगळ्यांत थोरली, स्वभावानं सगळ्यांत भित्री. कुत्र्याला भ्यायची, लिफ्टला भ्यायची, आणि आपण भितो हे कुणाला कळेल याला तर सगळ्यांत जास्त भ्यायची. तिच्याबरोबर चादरींच्या घड्या घालायला तिच्या बहिणीची मुलगी असायची. लांबलचक चादर एकट्यानं घडी होत नाही, दोन टोकांना दोघी लागतात. पुढे यायचं, टोकं जुळवायची, मागे जायचं, परत पुढे. इतकी वर्षं त्या दोघी असं पुढेमागे करत होत्या की न बघता एकमेकींच्या हातात टोक द्यायच्या. भाचीचं तोंड पावसाळी पत्र्यासारखं वाजायचं, म्हणून तिला सगळे पटपटी म्हणत.

"मावशी, तुझं इंग्रजी म्हणजे आपली ती जुनी इस्त्री," पटपटी म्हणायची. "दिवा लागलाय, बटण चालू आहे, पण वाफ काही निघत नाही."

"निघेल गं. तू आधी टोक नीट धर."

आणि निघायची. पण एका अटीवर. आक्का उजवा हात हवेत फिरवायची, माझी मूठ हातात असल्यासारखा, आणि मग तोंडातून शब्द निघायचा. हात फिरला की गेट अप. हात फिरला की गेट रेडी. तिचंच नाही, सगळ्यांचंच असं झालं होतं. धुलाईखान्यात दोघं इंग्रजी बोलायला लागले की दोघांचे हात पवनचक्कीसारखे चालू. पहारेकऱ्याला वाटलं होतं, साबणानं यांच्या नसांना काहीतरी झालंय. एका डॉक्टरनं तर बोलावून कोपरं तपासली.

मित्रांनो, मी तेव्हा भिंतीवर छाती फुगवून बसायचो. म्हटलं, बघा, माझ्यावाचून यांचं पान हलत नाही. हीच गोष्ट एक दिवस कुणाच्या तरी गळ्याशी येईल, असं तेव्हा वाटलंही नव्हतं.

मग बातमी आली, की नवी यंत्रं येणार. धुणारी, वाळवणारी, इस्त्री करून घडी घालणारी सुद्धा. पुढच्या महिन्यात धुलाईखान्यात यंत्रांपाशी थोडी माणसं राहणार, बाकीच्यांना कायमची रजा. मात्र वरच्या मजल्यावर परदेशातून येणाऱ्या आजाऱ्यांसाठी नवा वॉर्ड उघडला होता आणि तिथे मदतनीस हवे होते. ज्यांना इंग्रजीत दोन वाक्यं बोलता येतील त्यांना घेणार. परीक्षा तोंडी. परीक्षा घेणार मोठ्या सिस्टर. त्या चालत आल्या की फरशीसुद्धा ताठ व्हायची.

पटपटीला यंत्रांपाशी जागा मिळाली. तरणी होती, हात चालायचे. आक्काला रजा. तिचा नवरा पाय मोडल्यापासून घरात बसून घड्याळं दुरुस्त करायचा, पण हल्ली घड्याळ बिघडलं की लोक नवं घेतात. घरात कमावणारी ती एकटी. आणि तिच्या वयाच्या बाईला नव्यानं काम कोण देणार? तेव्हा वरचा वॉर्ड नाहीतर घर, असा तो सरळ हिशेब होता. त्या दिवशी आक्कानं इस्त्री करता करता एका उशीच्या खोळीला भोक पाडलं. असं तिच्या हातून आजवर झालं नव्हतं.

पहिली परीक्षा फेसमामाची झाली. फेसमामा म्हणजे हौदावर कपडे घुसळणारे मामा. भिवयांनासुद्धा कायम फेस. त्यांचं इंग्रजी आक्कापेक्षा बरं, म्हणून सगळे निर्धास्त होते. मामा परत आले ते तोंड पाडून.

"काय झालं मामा?" पटपटीनं चादर टाकली.

"काय होतंय! सिस्टरनी हातात ट्रे दिला. भलाथोरला, वर पाण्यानं भरलेले ग्लास. म्हणाल्या, पेशंटशी बोला. मी हात फिरवायला गेलो तर ग्लास खणखणले. सिस्टर म्हणाल्या, हात हलता कामा नये. हात थांबला आणि जीभही थांबली. मिठाची गुळणी धरल्यासारखा उभा राहिलो."

"अहो, पण पेशंटनं काही विचारलं असेल की!"

"विचारलं ना. बराच वेळ विचारत होता बिचारा. शेवटी त्यानंच मला पाणी प्यायला दिलं."

कुणी हसलं नाही. पटपटीसुद्धा नाही. आक्का आपल्या उजव्या हाताकडे बघत बसली, तो हात शेजारच्या बाईचा असल्यासारखी.

फोनबाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "सिस्टरांचं काही चुकलं नाही. वॉर्डात हात रिकामे असतात कधी?" आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मित्रांनो, तसं माझ्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं. "या फळ्यानंच खोड लावली. चला, सगळे बाहेर!" त्यांनी रागानं मूठ ओढली, खिडकीत आउट आणून ठेवला आणि वर्ग बाहेर काढला. "भाऊजी, हा उतरवा. आक्काची परीक्षा होईपर्यंत डोळ्यांसमोर नको."

सुतारकाकांनी मला उतरवलं. कपाटात जागा नव्हती, म्हणून भिजवणीच्या हौदामागे ओल्या भिंतीला टेकवून ठेवलं. वरून एक जुनं गोणपाट टाकलं. झालं.

तिथे मी काळजी करायला शिकलो. दुसरं काम काय होतं? हौदातून पाणी ठिबकायचं, ते माझ्या कडेनं आत शिरायचं. लाकूड पाणी प्यालं की फुगतं. माझे दोन्ही फळे फुगून एकमेकांना असे चिकटले की कुणी मूठ ओढली असती तरी केसभर हललो नसतो. खिडकीत आउट होता तो आउटच राहिला. रात्रंदिवस माझ्या कपाळावर एकच: गेट आउट. चालता हो. ज्या बाईची नोकरी टांगणीला लागलीय, तिच्यासाठी याहून वाईट शब्द माझ्याजवळ नव्हता.

वर्ग मात्र चालूच होता, आता हौदापाशी. गोणपाटाखालून मला खालचं थोडं दिसायचं. फोनबाईंनी नवी युक्ती काढली होती. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या धरायच्या आणि बोलायचं.

"बोला मामा. सकाळी उठल्यावर काय करता?"

"बादल्या उचलतो बाई."

"इंग्रजीत!"

"इंग्रजीत बादल्या फार जड लागतात हो."

भिंतीवर होतो तेव्हा मला माणसांची डोकी दिसायची. आता पहिल्यांदाच पाय दिसले. मामांचे पाय पाण्यात राहून राहून सुरकुतलेले. पटपटीचा एक पाय सारखा टाळ धरल्यासारखा वाजणारा. आणि आक्काचे पाय, अंगठा तुटलेल्या चपलेत, टाचांना भेगा. दोन्ही हातांत बादल्या. ती बोलत नाही, बोलत नाही, आणि मग मी बघितलं, की तिच्या उजव्या पायाचा अंगठा हळूच वर उचलला गेला आणि गोल फिरायला लागला. बारीक, अगदी पैशाएवढा गोल. पण फिरवण्याची चाल माझीच. माझी मूठ हात सोडून पायात उतरली होती!

"आय... गेट अप... अर्ली," वरून आक्काचा आवाज आला.

"आला! आला शब्द!" पटपटी ओरडली. "मावशी, निघाली वाफ!"

सगळ्यांना वाटलं बादल्यांनी खोड मोडली. फोनबाईंच्या आवाजात किती दिवसांनी हसू आलं. मोडलीबिडली काही नव्हती, खाली सरकली होती. आणि ते साऱ्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. आक्कालासुद्धा नाही. मी म्हटलं, चला, पायाकडे कोण बघतंय, निभेल.

पण माझं नशीब कुठलं! परीक्षेच्या आदल्या दिवशी पटपटी एक खोकं घेऊन आली.

"मावशी, उद्या त्या तुटक्या चपलेत नाही जायचं. हे घाल."

खोक्यात काळे, बंद बूट. पटपटीचेच, तिच्या मापाचे.

"अगं, चावतायत."

"चावू देत. नोकरी मिळाली की होतील सैल. सिस्टर आधी पाय बघतात म्हणे."

आक्कानं पाय आत कोंबले. दोन्ही अंगठे गडप झाले. मित्रांनो, माझ्या अंगावरचा रंग उडायचा बाकी होता. अगं पोरी, जीभ कापून टाकलीस की तिची! मी ओरडलो. म्हणजे ओरडलो असतो. फळ्याला ओरडता आलं असतं तर वर्गात मास्तर कशाला लागले असते? मी नुसता भिजत राहिलो.

सकाळी आक्का हौदामागे आली. गोणपाट काढलं, मला पदरानं पुसलं आणि मूठ धरून ओढली. मी नाही हललो. तिनं दोन्ही हातांनी ओढली. नाही.

"बघ ना," ती पटपटीला म्हणाली, "हासुद्धा म्हणतोय, चालती हो."

"लाकडाला काय कळतंय मावशी!" पटपटी म्हणाली, पण तिच्या आवाजातला पत्रा त्या दिवशी वाजत नव्हता. "काय करतेस? त्याला कुठे नेतेस?"

"असू दे. सोबत."

वरच्या वॉर्डात द्यायच्या चादरींची टोपली तिला न्यायचीच होती. तिनं मला टोपलीच्या तळाशी ठेवलं आणि वर चादरी घातल्या. अशी आमची वरात निघाली. ती लिफ्टला भ्यायची म्हणून जिन्यानं. प्रत्येक पायरीवर बूट करकरत होते. एरवी करकरायचं काम माझं, पण त्या दिवशी मी गप्प आणि बूट बोलत होते.

वॉर्डात तिनं टोपली एका उंच पलंगाशेजारी टेकवली. वेताच्या फटींतून मला बरंच दिसत होतं. पलंगावर एक परदेशी आजी बसली होती, चिमणीएवढी. दोन्ही हातांनी पलंगाची कड घट्ट धरलेली. शेजारी खुर्ची होती. आजीनं खाली उतरून खुर्चीत बसायचं होतं आणि सकाळपासून ती उतरत नव्हती. मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी काही न बोलता आक्काच्या हातात ट्रे दिला. ग्लास काठोकाठ भरलेले.

"बोल हिच्याशी. खाली उतरव. हात हलवायचा नाही."

आक्का उभी राहिली. मला तिचे बूट दिसत होते. दोन काळे दगड. आत काही हलत असलं तरी बाहेर काही कळत नव्हतं. वर ग्लास किणकिणायला लागले.

"गेट..." आक्का म्हणाली.

आणि थांबली.

मित्रांनो, त्या थांबण्यात माझा सगळा जन्म गेला. तिच्या डोळ्यांसमोर आता काय असणार ते मला माहीत होतं. सकाळीच बघितलेली माझी खिडकी, आणि तिच्यात अडकलेला तो एकच शब्द. पुढचा शब्द तोच निघाला तर? आजारी म्हातारीला ही बाई चालती हो म्हणाली, असं होणार. मी चादरींखाली जीव खाऊन जोर लावला. फिर, मेल्या, फिर. अप आण, डाउन आण, काहीही आण! तसूभर हललो नाही.

"गेट..." परत. ग्लासांची किणकिण वाढली. सिस्टरांनी घड्याळाकडे बघितलं.

तेवढ्यात आजी बोलली. फरशीकडे बघत, बारीक आवाजात. "नो, नो. आय गेट स्केअर्ड."

हा शब्द माझ्यावर नव्हता. कुठल्याच घरात नव्हता. मला काही कळेना. पण आक्कानं मान वर केली. तिनं आजीचा चेहरा बघितला, पलंगाची कड धरून पांढरी पडलेली बोटं बघितली, उंच पलंग आणि खालची गुळगुळीत फरशी बघितली. आणि तिला कळलं. तो शब्द तिनं कधी ऐकला नव्हता, पण त्याचा अर्थ तिच्याएवढा त्या इमारतीत कुणाला ठाऊक होता?

मग एक बूट निघाला. टाचेनं टाच दाबून, हळूच. मग दुसरा. आक्काचे अनवाणी पाय थंड फरशीवर आले आणि उजवा अंगठा उचलला गेला.

"आय..." ती म्हणाली. अंगठा फिरला. "आय गेट स्केअर्ड. मी टू. एव्हरी डे."

आजीनं फरशीवरची नजर काढली. "यू?"

"मी. व्हेरी. टुडे, मोअर."

आजीच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

"यू गेट डाउन," आक्का म्हणाली. "स्लो. स्लो. आय नो गो. आय हियर." तिच्या इंग्रजीला सुरकुत्याच सुरकुत्या होत्या, इस्त्री म्हणून नव्हतीच. पण आजीनं एक हात कडेवरून सोडला आणि पुढे केला. आता तो धरायला तर पाहिजे. आक्काच्या हातात ट्रे. मग तिनं काय करावं? बाजूला न बघता तिनं ट्रे उचलला आणि शेजारी उभ्या बाईच्या हातात दिला, रोज पटपटीच्या हातात चादरीचं टोक देते तसा. "धर गं जरा," म्हणाली.

शेजारी मोठ्या सिस्टर होत्या.

मी चादरींखाली डोळे मिटले. म्हणजे मिटले असते. संपलं, म्हटलं. मोठ्या सिस्टरना अगं म्हणाली आणि वर ट्रे धरायला लावला. आता यंत्रं नकोत आणि वॉर्ड नको, सरळ घर.

आजी उतरत होती. एक पाय, मग दुसरा. आक्काचा खांदा धरून. उतरली, खुर्चीत बसली आणि मोठा श्वास सोडला. आक्कानंही सोडला. मग तिच्या लक्षात आलं, ट्रे कुणाच्या हातात आहे ते. तिचा अंगठा जागच्या जागी थिजला.

सिस्टरांनी फरशीवरच्या बुटांकडे बघितलं. त्यांच्या हातात ट्रे होता, हलता कामा नये असा.

"बूट कुणाचे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"भाचीचे, सिस्टर."

"स्वतःच्या मापाचे घे. सोमवारी सकाळी मला पायात बूट हवेत."

"सोमवारी... काय आहे सिस्टर?"

"सोमवारी काम आहे. आणि परत माझ्या हातात ट्रे द्यायचा नाही. घे हा."

टोपली घेऊन आक्का जिन्यानं कशी उतरली ते तिलाच माहीत. मला मात्र प्रत्येक पायरी लागली. इस्त्रीच्या खोलीत सगळे दाराकडे डोळे लावून उभे होते.

"काय झालं? मावशी, बोल ना! बूट कुठे गेले?"

"सोमवारी काम आहे. बाकीचं फळ्यावर लिहून मग सांगते," एवढंच आक्का म्हणाली. तिनं मला टोपलीतून काढलं आणि फोनबाईंच्या डब्यातला खडू उचलला. पण माझी खिडकी अजून आउटवर अडकलेली. सुतारकाकांनी मला गरम इस्त्रीच्या टेबलापाशी उभं केलं, ओल सुकू दिली, कडा घासल्या, खिळ्याला तेल घातलं. संध्याकाळपर्यंत मी नुसता शेकत होतो आणि सगळे ताटकळत होते. मग मूठ ओढली तर असा करकरलो की मामांच्या हातातला साबण निसटला. पण फिरलो. आधीचा खडू ओलीनं पुसला गेलेलं कोरं घर खिडकीत आलं आणि आक्कानं त्यात वाकड्या, मोठ्या अक्षरांत लिहिलं: स्केअर्ड.

फोनबाईंनी चष्मा वर केला. "स्वतःच्या कानानं ऐकलंस?"

"कानानं नाही बाई," आक्का म्हणाली. "पोटानं."

मग तिनं सगळं सांगितलं आणि पटपटी रडता रडता एवढं हसली की तिला उचकी लागली. "सिस्टरना अगं! मावशी, आजपासून तुला कुत्र्याला भ्यायचा हक्क नाही."

"पण हात बांधलेले असताना बोलता आलं कसं?" फोनबाईंनी विचारलं.

"काय माहीत. बूट चावत होते, ते काढले, एवढंच आठवतं."

फोनबाईंनी मान हलवली आणि तो विषय तिथेच सोडला. अंगठ्याचं कुणाला कळलं नाही. ते मला माहीत होतं, आता तुम्हाला माहीत झालं. कुणाला सांगू नका, नाहीतर उद्या कुणीतरी तिला पाय न हलवता बोलायला शिकवेल.

पुढचं थोडक्यात सांगतो. यंत्रं आली. मामांना यंत्रांपाशी ठेवून घेतलं, कारण पहिल्याच आठवड्यात यंत्रानं खोलीभर फेस केला आणि त्या फेसात न घाबरता चालणारा माणूस एकच निघाला. आक्का वॉर्डात रुळली. बूट आता तिच्या मापाचे आहेत. मोठे, अंगठ्याला जागा असलेले. दुकानदारानं लहान माप दाखवलं तर तिनं हट्टानं मोठंच घेतलं, का ते तिलाही सांगता आलं नाही. आजी बरी होऊन आपल्या देशी गेली. मी परत भिंतीवर आहे. त्या घरातला शब्द फोनबाईंनी पुसू दिला नाही. नव्या शब्दांसाठी सुतारकाका आणखी एखादं स्टूल मोडायच्या विचारात आहेत.

पण मित्रांनो, काळजी एकदा शिकली की विसरता येत नाही. ही खोली आता जवळजवळ रिकामी आहे. कुणी म्हणतं इथे सामान ठेवणार, कुणी म्हणतं भिंत पाडणार. हौदाकडे कुणी चालत गेलं की माझा खिळा गार पडतो. म्हणून तुमच्याकडे थोडं मागणं आहे. तुमच्याकडे एखादी जुनी शिकवायची वस्तू असली, फळा असो नाहीतर पाटी, तर तिच्यावर रागवायचं असेल तेवढं रागवा, पण तिला ओलीत ठेवू नका. अधूनमधून तेलाचा थेंब द्या. तिच्यावर एखादं घर कोरं असलं तर ते घाईनं बुजवू नका.

आणि कुणी शिकत असताना त्याचे हात हलत असतील तर हलू द्या. धरायचेच झाले, तर निदान बूट सैल द्या. मी भिंतीवर उंच टांगलेला आहे, मला परत डोकीच दिसायला लागलीत. पायांकडे तेवढं तुम्ही बघा.